बंदूक भेट द्यायची आहे? आधी परवाना, मग ४५ दिवस, मग बंदूक

मागच्या मे महिन्यात एक काका गोधडीची वळकटी खांद्यावर टाकून माझ्या ऑफिसात आले. गावाहून एसटीने, साडेतीन तासांचा प्रवास करून. वळकटी टेबलावर टेकवली तेव्हा ठक्क आवाज झाला आणि मी खुर्चीतून उठलोच. आत त्यांच्या वडिलांची डबल बारी बारा बोर होती, नळ्या खोबरेल तेलाने पुसून चकचकीत केलेल्या. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलाने बागेचा कारभार हातात घेतला म्हणून काकांना ती आता त्याला द्यायची होती. "तेवढं नाव बदलून द्या," म्हणाले.

परवाना वडिलांच्या नावावर होता. म्हणजे दोन वर्षं ती बंदूक घरात विनापरवाना होती आणि त्या दिवशी विनापरवानाच एसटीतून फिरली. काका सज्जन माणूस. त्यांनी सगळं केलं, फक्त उलट्या क्रमाने.

शस्त्र परवान्याची कागदपत्रं करून देताना ही चूक मला सतत दिसते. लोक आधी बंदूक देतात, मग कागद शोधतात. गाडी घेतल्यावर आरसी बुक नावावर होतं, तसंच हेही असेल असं त्यांना वाटतं. पण परवाना बंदुकीला नसतो, माणसाला असतो. ज्याच्या हातात बंदूक जाणार त्याच्याकडे आधी परवाना हवा, मगच बाकीचं.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'हस्तांतर' या शब्दाची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. भाड्याने देणं, उसनी देणं, नुसती देऊन टाकणं, ताबा सोडणं, सगळं त्यात येतं. पैसे घेतले नाहीत, घरातल्या घरात दिली, बक्षीसपत्र केलं, याने काही फरक पडत नाही. विक्री आणि हस्तांतराचे नियम घालणारं कलम ५ मोडून केलेल्या हस्तांतराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. विनापरवाना साधी बंदूक बाळगणाऱ्याला २ ते ५ वर्षं. पाहा, कायद्याच्या नजरेत घेणाऱ्यापेक्षा देणारा मोठा गुन्हेगार ठरू शकतो.

टप्पा १ : आपली भेट कोणत्या वाटेने जाणार ते ठरवा

अर्जाला हात लावण्याआधी हे ठरवायचं. वाटा चार आहेत आणि प्रत्येकीचे कागद वेगळे.

पहिली, नवी बंदूक घेऊन द्यायची. दुसरी, तुमच्या परवान्यावरची बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला द्यायची, मग तो मित्र असो की मेहुणा. तिसरी, हयातीतच वारसाच्या नावावर करायची. चौथी, परवानाधारक वारल्यानंतर घरातल्या कोणी घ्यायची.

नव्या बंदुकीचं लगेच सांगून टाकतो, कारण तिथे गुंता सगळ्यात कमी आणि गैरसमज सगळ्यात जास्त. दुकानातून तुमच्या परवान्यावर बंदूक घेऊन जावयाच्या हातात ठेवायची नाही. जावयाने स्वतःचा परवाना काढायचा, परवाना घेऊन अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जायचं, पावती आणि रजिस्टरमधली नोंद जावयाच्या नावाने व्हायची. तुम्ही काउंटरच्या अलीकडे उभं राहून पैसे भरायचे. भेट म्हणजे एवढंच. माझ्या मते ज्याला कोणाला बंदूक 'द्यायची' आहे त्याने हीच वाट धरावी. वारशाची भावना नसेल तर जुन्या हत्याराच्या मागे लागण्यात हशील नाही.

परदेशातल्या भावाने तिकडून पाठवायची, ही वाट मी मोजलीच नाही. आयातीला कलम १० खाली स्वतंत्र परवाना लागतो. पार्सलमध्ये किंवा बॅगेत घालून आणण्याचा विचार मनातून काढून टाका.

टप्पा २ : घेणारा बसतो का, ते घरीच तपासा

इथे अर्धा तास घालवला तर पुढचे सहा महिने वाचतात. परवाना शाखेत जाऊन नकार ऐकण्यापेक्षा हे प्रश्न जेवणाच्या टेबलावर विचारलेले बरे.

वय २१ पूर्ण आहे का? 'अठराव्या वाढदिवसाला बंदूक' हे कायद्यात बसत नाही. नेमबाजीचं प्रशिक्षण घेणाऱ्या लहान मुलांना ठरावीक अटींवर ठरावीक हत्यार वापरता येतं, पण ते प्रशिक्षणापुरतं. त्याने मुलगा बंदुकीचा धनी होत नाही.

हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? शिक्षा संपल्यानंतरही ५ वर्षं तो माणूस अपात्र असतो. गावच्या भांडणात शांतता राखण्याचा बंधपत्र-आदेश निघालेला असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत तीच गत. लोक हे 'किरकोळ' म्हणून सांगत नाहीत आणि पोलीस चौकशीत ते पहिल्या पानावर येतं. आधी सांगा. नुसता गुन्हा दाखल आहे, निकाल नाही, असं असेल तरी प्रकरणाची प्रत जोडून स्वतःहून लिहा.

त्याच्याकडे आधीच किती हत्यारं आहेत? २०१९ पर्यंत एका माणसाला तीन ठेवता येत होती. १४ डिसेंबर २०१९ पासून दोनच. वारसाहक्काने येणाऱ्या बंदुकीलाही हीच मर्यादा आहे. मुलाकडे एक रिव्हॉल्व्हर आणि एक रायफल असेल तर वडिलांची बारा बोर त्याच्या नावावर चढत नाही, भावना कितीही असली तरी. अशा वेळी ती बहिणीच्या किंवा सुनेच्या नावावर करता येते का, हे बघा. हा पर्याय घरात कोणालाच सुचत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. परवान्याला स्त्री-पुरुष असा भेद नाही.

आणि बोर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, कोणता? सामान्य नागरिकाच्या परवान्यावर .३२ रिव्हॉल्व्हर, .३१५ रायफल, बारा बोर अशी बिगर-प्रतिबंधित हत्यारं असतात. ९ मिमी पिस्तुल किंवा .३०३ रायफल प्रतिबंधित बोरमध्ये मोडते आणि त्याचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, केंद्रीय गृह मंत्रालयाचा विषय आहे. आजोबा फौजेत होते आणि घरात एक जुनं हत्यार आहे, असं असेल तर त्यावरचा बोर आधी जुन्या परवान्यात वाचा. प्रतिबंधित हत्यार विनापरवाना बाळगण्याची शिक्षा ७ वर्षांपासून सुरू होते.

*सावध :* "ती चालतच नाही, शोभेची आहे" हे तुम्ही ठरवायचं नाही. दुरुस्ती करूनही गोळी सुटणार नाही अशा जुन्यापुराण्या हत्याराला कलम ४५ मध्ये सूट आहे खरी, पण 'दुरुस्ती करूनही' हे शब्द नीट वाचा. नुसता घोडा अडकलेली ठासणीची बंदूक त्यात बसत नाही.

टप्पा ३ : घेणाऱ्याचा परवाना

सगळा वेळ इथे जातो. म्हणून सगळं लक्षही इथेच द्यायचं.

अर्ज कुठे करायचा? पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक, मुंबई अशा पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे. बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात. घेणारा जिथे राहतो तिथला अधिकारी. बंदूक सातारच्या वाड्यात आणि मुलगा पिंपरी-चिंचवडला असेल तर मुलाचा अर्ज पिंपरी-चिंचवडच्या आयुक्तालयात. वडिलांच्या ओळखीने साताऱ्यात अर्ज घालून, मुलाचा पत्ता गावचा दाखवून काम उरकायचा प्रयत्न लोक करतात. चौकशीला हवालदार गावी जातो, शेजारी म्हणतात, "तो होय? तो पुण्याकडे असतो." अर्ज तिथेच निकाली.

अर्जाचा नमुना ए-१. शस्त्र नियम २०१६ मध्ये तो दिला आहे. सोबत वयाचा, ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं एस-१ प्रमाणपत्र आणि शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं एस-३ वैद्यकीय प्रमाणपत्र. एस-३ च्या बाबतीत लोक फॅमिली डॉक्टरच्या लेटरहेडवर 'फिट' लिहून आणतात. ते परत येतं. छापील नमुना घेऊन जा, त्यातला प्रत्येक रकाना भरून घ्या, मानसिक आरोग्याचा तर नक्की. प्रशिक्षणाचंही तसंच. अर्ज घालून झाल्यावर प्रशिक्षण कुठे मिळतं याची शोधाशोध करू नका. जवळच्या रायफल क्लबमध्ये किंवा मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे आधी नाव घाला.

मग येतं कारण. परवाना कशासाठी हवा हे लिहायचं असतं आणि इथे भावनेच्या भरात माणसं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. 'सासऱ्यांनी भेट दिली म्हणून' हे कारण नव्हे. 'शिकारीसाठी' तर मुळीच लिहू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तुम्हाला माहीत नसला तरी अर्ज वाचणाऱ्याला माहीत आहे. स्वसंरक्षण असेल तर धोका नेमका कशाचा ते लिहा : रोज रोकड घेऊन कोणत्या रस्त्याने जावं लागतं, वस्ती मुख्य गावापासून किती लांब आहे, पूर्वी काही घडलं असेल तर त्याची तक्रार कोणत्या ठाण्यात दिली. शेती संरक्षण असेल तर सातबारा, पीक आणि रानडुकरांनी केलेल्या नुकसानीचे पंचनामे जोडा. खेळ असेल तर क्लबचं सभासदत्व आणि स्पर्धेतला सहभाग. कायदा किमान २० इंच लांब, आतून साध्या (गुळगुळीत) नळीच्या बंदुकीला आणि पिकासाठीच्या ठासणीच्या बंदुकीला थोडं नरमाईने घेतो. रिव्हॉल्व्हरला मात्र सबळ कारण दाखवावंच लागतं. म्हणून भेट बारा बोरची असेल तर काम तुलनेने सोपं.

पोलीस चौकशीचा अहवाल ३० दिवसांत यावा असं नियमात आहे. प्रत्यक्षात फाईल ठाण्यातून उपविभागात, तिथून अधीक्षक कार्यालयात, तिथून परत असा प्रवास करते. तुम्ही एवढंच करायचं : आवक क्रमांक लिहून घ्यायचा, चौकशीला माणूस येईल तेव्हा घरी असायचं, बंदूक ठेवायचं कुलपाचं कपाट भिंतीला पक्कं केलेलं दाखवायचं. कपाट दाखवलं की चौकशी करणाऱ्याचा चेहरा बदलतो, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. पलंगाखालच्या ट्रंकेचं ऐकून तोच चेहरा उलट्या दिशेने बदलतो.

नकार आला तर तो लेखी मागा. कारणं देणं सार्वजनिक हिताच्या आड येतं असं अधिकाऱ्याला वाटलं तरच ती रोखता येतात, एरवी मिळतात. कलम १८ खाली अपील आहे. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, हे बघायला आदेशाची प्रत हातात लागते, म्हणून तोंडी 'नाही होणार' ऐकून घरी येऊ नका.

*तपासा :* परवाना हातात आला की काउंटर सोडण्याआधी चार गोष्टी वाचा. नावाचं स्पेलिंग, राष्ट्रीय डेटाबेसमधला यूआयएन (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक), कोणत्या प्रकारचं हत्यार मंजूर झालं, आणि ते किती मुदतीत घ्यायचं. बारा बोर भेट मिळणार आणि परवान्यावर रिव्हॉल्व्हर लिहिलेलं, असंही होतं. परवान्याची स्वतःची मुदत आता ५ वर्षं असते. पूर्वीच्या ३ वर्षांच्या सवयीने तारीख गृहीत धरू नका.

टप्पा ४ : देणाऱ्याची लेखी सूचना आणि ४५ दिवस

परवानाधारक आपली खासगी बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला स्वतंत्र विक्री-परवान्याशिवाय देऊ शकतो. अट एकच, आणि बहुतेकांनी ती ऐकलेलीही नसते. देण्याचा इरादा आधी लेखी कळवायचा आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस थांबायचं.

सूचना देणाऱ्याने द्यायची, घेणाऱ्याने नव्हे. जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी, यांपैकी एकाला दिली तरी कायद्याला चालतं. आयुक्तालयाच्या हद्दीत जिल्हादंडाधिकाऱ्याच्या जागी पोलीस आयुक्त समजायचे. मी दोन्हीकडे द्यायला लावतो. एक कागद जास्त जातो, पण उद्या एका कार्यालयातली फाईल सापडली नाही तर दुसरीकडे पोच असते.

मजकूर साधा ठेवा. असा :

"मी, अमुक, राहणार अमुक, शस्त्र परवाना क्रमांक अमुक, यूआयएन अमुक. माझ्या परवान्यावरील बारा बोर दुनळी बंदूक, बनावट अमुक, क्रमांक अमुक, ही मी श्री. अमुक, राहणार अमुक, शस्त्र परवाना क्रमांक अमुक, यांना विनामोबदला हस्तांतरित करू इच्छितो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५(२) नुसार ही पूर्वसूचना देत आहे. दोन्ही परवान्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत."

बंदुकीचा क्रमांक जुन्या परवान्यावरून उतरवू नका, नळीवरून वाचा. भिंग घ्या, टॉर्च मारा. पन्नास वर्षांपूर्वी कारकुनाने ३ चा ८ केलेला असतो आणि प्रत्येक नूतनीकरणात तोच ८ पुढे चालत आलेला असतो. तफावत निघाली तर हस्तांतर बाजूला ठेवा. आधी देणाऱ्याच्या परवान्यावर दुरुस्ती करून घ्या, नाहीतर तुम्ही कागदोपत्री एक बंदूक देताय आणि हातात दुसरीच.

काडतुसं द्यायची असतील तर तीही सूचनेत लिहा. काडतूस म्हणजे बंदुकीची 'ॲक्सेसरी' नव्हे. त्याला हाच नियम आहे, आणि घेणाऱ्याच्या परवान्यावर एका वेळी किती ठेवता येतील याचा आकडा असतो.

१ जूनला पोच मिळाली तर १६ जुलैपर्यंत बंदूक देणाऱ्याच्याच कपाटात. या काळात "नुसती बघायला" म्हणूनही ती घेणाऱ्याच्या घरी जायची नाही. इकडे घेणाऱ्याच्या परवान्यावरची खरेदीची मुदतही चालू असते, म्हणून परवाना मिळाला त्याच आठवड्यात सूचना द्या. लोक आधी सत्यनारायण घालतात.

*सावध :* निवडणूक जाहीर झाली की शस्त्रं जमा करण्याच्या नोटिसा निघतात. तुमचं हत्यार त्यात जमा झालं असेल तर ते परत मिळेपर्यंत हस्तांतर पुढे जात नाही. जमा-पावती जपा आणि नवी तारीख ठरवा.

हयातीत वारसाला द्यायची असेल तर

टप्पा ३ आणि ४ वाचून दमला असाल तर बऱ्याच घरांसाठी एक सोपी फट आहे. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ म्हणतो की परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने ते हत्यार २५ वर्षं बाळगलं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तो आपल्या कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो आणि त्या वारसाला परवाना देता येतो. वारसाने पात्रता पूर्ण केलेली हवी आणि पोलीस अहवाल प्रतिकूल नको. धोका सिद्ध करण्याचं वेगळं ओझं इथे बरंच हलकं होतं. वारस म्हणजे घरचं माणूस. जिवलग मित्र, मानसपुत्र, निष्ठावंत कार्यकर्ता यात येत नाही.

वडील ६२ वर्षांचे आणि बंदूक १८ वर्षांपासून असेल तर? ही वाट बंद. एक तर मुलाने नेहमीच्या पद्धतीने परवाना काढून टप्पा ४ ने जायचं, नाहीतर थांबायचं. थांबायला सांगितलं की लोकांना राग येतो, पण घाई नसेल तर सात वर्षं वडिलांच्या कपाटात राहिलेली बंदूक कोणाचं काही बिघडवत नाही.

अर्जासोबत वडिलांचं नामनिर्देशनाचं पत्र, त्यांच्या मूळ परवान्याची प्रत, २५ वर्षांचा आधार घेत असाल तर पहिल्या नोंदीचं पान, आणि बाकीच्या भावंडांचं नाहरकत प्रतिज्ञापत्र. हयातीत भावंडांची सही कशाला, असं विचारू नका. घ्या. जमिनीच्या वाटपावरून बोलणं बंद झालेला भाऊ पुढे पहिला तक्रार अर्ज बंदुकीवरच करतो.

परवानाधारक वारला असेल तर

इथे क्रम पूर्ण वेगळा आहे. परवाना त्या माणसाबरोबर संपला. घरात उरलेली बंदूक आता कोणाच्याच परवान्यावर नाही.

१. दिवसकार्य होईपर्यंतही वाट पाहू नका. ठाण्यात फोन करा, मृत्यूची माहिती द्या आणि बंदूक कशी जमा करायची ते विचारा. कलम २१ म्हणतं, विनाकारण उशीर न करता जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. फोन आधी करायचं कारण असं की तुमच्याकडे ती उचलून न्यायचाही परवाना नाही. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला बंदूक नेता येते, पण अधिकारपत्र द्यायला तो माणूस असावा लागतो.

२. काडतुसंही जमा करा. देवघराच्या खणात, धान्याच्या कणगीत, जुन्या कोटाच्या खिशात शोधा. आजोबा मंडळी ती कुठेही ठेवतात.

३. जमा-पावतीवर बोर, क्रमांक, काडतुसांची संख्या आणि हत्याराची अवस्था लिहून घ्या. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दस्त्यावरचा चरा पावतीत असू द्या.

४. मग मृत्यू दाखला, वारसांची यादी, एकाच्या नावाने बाकीच्यांची संमती, आणि त्या एकाचा ए-१ अर्ज. घेणारा कोणीच नसेल तर विक्रेत्यामार्फत विकण्याचा अर्ज करा.

५. मुदतीवर लक्ष ठेवा. जमा हत्यार ठरलेल्या काळात कोणी सोडवलं नाही तर ते सरकारजमा करता येतं.

मृत्युपत्रात 'माझी बंदूक नातवाला' असं लिहिलेलं असलं तरी त्याने नातू मालक होईल, ताबेदार नाही. ताब्याला परवानाच लागतो. मृत्युपत्राची प्रत अर्जाला जोडा. तिचा उपयोग तेवढाच.

गोधडीवाल्या काकांचं आम्ही हेच केलं. ठाण्याला फोन केला, माझ्या ऑफिसातून पोलीस येऊन बंदूक घेऊन गेले, पंचनामा झाला, काकांनी दोन वर्षांच्या उशिराचा खुलासा लिहून दिला. ठाण्यातले अधिकारी समजूतदार निघाले. तुमच्या वाट्याला तसेच येतील या भरवशावर राहू नका.

टप्पा ५ : हातात देण्याचा दिवस

४५ दिवस उलटले, हरकत आली नाही, दोन्ही परवाने चालू आहेत. आता परवाना शाखेला विचारा की नोंदीसाठी हत्यार कुठे दाखवायचं. काही ठिकाणी ठाण्यात बोलावतात, काही ठिकाणी शाखेतच.

देणारा स्वतःच्या परवान्यावर बंदूक घेऊन येतो. रिकामी, नळी उघडून तपासलेली, कव्हरमध्ये, काडतुसं वेगळ्या पिशवीत. घेणारा आपला परवाना घेऊन येतो. त्याच्या परवान्यावर नोंद झाली की मगच बंदूक त्याच्या हातात. नोंदीआधी ताबा नाही, मग भले नोंद दुपारच्या जेवणानंतर होणार असली तरी.

घेणारा बेळगावात किंवा गोव्यात राहत असेल तर परवान्यावरचं क्षेत्र बघा. फक्त महाराष्ट्रापुरता वैध असलेला परवाना बांद्याच्या पुढे उपयोगाचा नाही. अशा वेळी अधिकृत विक्रेत्यामार्फत पाठवण्याचा खर्च झाला तरी तोच करावा.

समारंभ करायचा असेल तर नोंदीनंतर, घरात, आणि घेणाऱ्याच्याच हातात. दसऱ्याच्या शस्त्रपूजेत बंदूक पाटावर ठेवायला हरकत नाही, पण पूजेनंतर ती भाच्याच्या हातात देऊन काढलेला फोटो स्टेटसला गेला की तुमच्या 'ताबा सोडण्या'चा पुरावा तुम्हीच प्रसिद्ध केला. वरातीत हवेत बार काढणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एअरगन आणि तलवार

एवढं वाचून "मग एअरगनच देतो" म्हणत असाल तर ते बरंच शहाणपणाचं आहे, फक्त खोक्यावरचे आकडे वाचा. ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमीपर्यंतचा बोर आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर परवाना लागत नाही. .२२ बोरची एअर रायफल दिसायला तशीच असते, तिला लागतो. दुकानदार ओळखपत्र मागेल, ते ज्याच्यासाठी घेताय त्याचं द्या. आणि मुलगा कबुतरं मारत सुटणार नाही हे तुम्ही बघायचं.

सत्कारात तलवार द्यायची आपल्याकडे हौस फार. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या यादीत आहेत आणि जिथे कलम ४ लागू केलं आहे तिथे तीही विनापरवाना ठेवता येत नाहीत. तलवारीने केक कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या येतात त्या उगाच नव्हेत. बोथट, शोभेची द्या.

टप्पा ६ : देणाऱ्याच्या बाजूचं आवरून घ्या

बंदूक गेली, फोटो झाले, आणि देणारा आपला परवाना तसाच कपाटात ठेवतो. त्यावर बंदूक अजून आहेच. पुढच्या नूतनीकरणाला किंवा निवडणुकीच्या जमा-नोटिशीला ठाणेदार विचारतो, "हत्यार कुठंय?" आणि सत्तरीतले गृहस्थ पावत्या शोधत बसतात.

त्यामुळे घेणाऱ्याच्या परवान्यावर नोंद होते त्याच दिवशी देणाऱ्याच्या परवान्यावरून ती कमी करून घ्या. शिक्का आणि तारखेसह. राष्ट्रीय डेटाबेसमध्येही ती त्याच्या यूआयएनखालून निघाली का, हे शाखेतल्या संगणकावर दाखवायला सांगा. कागदावर निघते आणि संगणकात राहते, असं होतं. त्याच्याकडे दुसरं हत्यार नसेल आणि घ्यायचंही नसेल तर परवाना लेखी अर्जाने परत करा आणि परत केल्याची पोच घ्या. पूर्वसूचनेची पोच, नोंदीची झेरॉक्स आणि परवाना परत केल्याची पोच, हे तिन्ही कागद दोघांच्याही घरात एकेक संच ठेवा, बंदुकीच्या कपाटात नको. त्या कपाटाची किल्ली आता एकाकडेच असते.